नंबर गाडीचा, आरोप प्रवाशावर

गॅदरिंगच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या फोनवर एक स्क्रीनशॉट आला. काळी स्क्रीन, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टिंबांनी तोडलेला तोच एक आकडा. वर कुणीतरी लाल गोल काढून लिहिलं होतं, ‘एकाच घरातून ६४ मतं. पुरावा घ्या.’

आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका कॉलेजची ही गोष्ट. एकांकिकांसाठी ‘प्रेक्षक पसंती’ची मतं यंदा ऑनलाइन घ्यायची ठरली होती. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी चार रात्री जागून वेब ॲप बनवलं. नियम साधा होता, एका आयपी ॲड्रेसवरून एकच मत. निकाल लागला, हरलेल्या ग्रुपने आरडाओरडा केला आणि ॲप बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. तो आकडा कुठला, याचा शोध लागायला अर्धा तासही लागला नाही. स्टेशनजवळच्या एका इमारतीत भाड्याने राहणाऱ्या मुलींपैकी एकीने आपल्या वाय-फायवरून ‘माझा आयपी काय’ असं शोधलं आणि उत्तर आलं तेच. ते कनेक्शन जिच्या नावावर होतं, तिचं नाव रात्रीपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरलं. पुढचे तीन दिवस ती कॉलेजला आली नाही.

मी काय केलं? मी बातमी लिहायला बसले. इंटर्न म्हणून लागून दोनच महिने झाले होते, आणि हातात ‘बोगस मतदान उघड’ असा मथळा आयता आला होता. डेस्कवरच्या सरांनी स्क्रीनशॉट बघितला आणि विचारलं, “हा आकडा कुणाचा?”

“त्या घराचा, सर.”

“घराचा म्हणजे कुणाचा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बातमी थांबली. उत्तर शोधत मी आठवडाभर फिरले, आणि त्यातून जे समजलं ते आज या जागेत लिहिते आहे. कारण हा प्रश्न एका गॅदरिंगपुरता नाही. आपल्यातले निम्मे लोक आज ना उद्या एखादं ॲप बनवणार आहेत, आणि उरलेले ते वापरणार आहेत.

सर्व्हरला काय काय दिसतं?

आपण ब्राउझरमध्ये एखादा पत्ता टाकतो किंवा बटण दाबतो, तेव्हा आपल्या फोनकडून सर्व्हरकडे एक ‘रिक्वेस्ट’ जाते. सरकारी कचेरीत अर्ज देतो तशीच. अर्जात काय हवंय ते लिहिलेलं असतं, पण अर्जासोबत आपण न लिहिलेलंही बरंच काही जातं. अर्ज कुठल्या आयपी ॲड्रेसवरून आला. कुठल्या प्रकारच्या ब्राउझरने आणून दिला, त्याला ‘युजर एजंट’ म्हणतात. कुठली भाषा चालेल, ते ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’मध्ये. आधी कुठल्या पानावर होतात, ते ‘रेफरर’मध्ये. याआधी येऊन गेला असाल तर त्या भेटीची खूण, म्हणजे कुकी.

हे सगळं वाचायला हॅकर असावं लागत नाही. वेब ॲप बनवण्यासाठी जे तयार सांगाडे मिळतात, ज्यांना फ्रेमवर्क म्हणतात, त्या प्रत्येकात ‘रिक्वेस्ट’ नावाची एक वस्तू असते. तिला विचारायचं, की ती सांगते. पायथनमध्ये काम करणाऱ्यांना जँगो आणि फ्लास्क माहीत असतील, पीएचपीवाल्यांना लाराव्हेल. तिन्हींत अर्जदाराचा आयपी मिळवायला एक ओळ पुरते.

यातल्या जँगोचा जन्म एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात झाला, हे वाचून मला बरं वाटलं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाचं दैनिक आहे. तिथे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ साली बातम्यांच्या वेबसाइटचं काम करत होते. डेडलाइन तासांची असायची, म्हणून त्यांनी स्वतःसाठी हत्यारं बनवली, आणि २००५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. घाईत काम उरकता यावं म्हणून बनलेली ही गोष्ट. आमच्या कॉलेजच्या मुलांनीही घाईतच काम केलं. फरक एवढाच की एका ओळीत मिळालेल्या माहितीचा अर्थ काय, हे विचारायला ते थांबले नाहीत.

एसटीचा नंबर

तो अर्थ समजून घ्यायला खालापूरच्या टोलनाक्यावर जाऊ. एक्स्प्रेस-वेवरून गाडी आली की फास्टॅग वाचला जातो, कॅमेरा नंबर प्लेट टिपतो. नाक्याला गाडी कळते. गाडी कोण चालवत होतं, मागे कोण बसलं होतं, गाडी कुणी मित्राकडून मागून आणली होती का, हे नाक्याला कळत नाही. आता त्याच नाक्यावरून एसटी गेली असं समजा. नंबर एक आणि आत पन्नास माणसं. त्या नंबरावरून ‘खिडकीतून केळ्याची साल कुणी फेकली’ हे कुणी ठरवू शकेल?

आयपी ॲड्रेस हा असाच गाडीचा नंबर आहे, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा एसटीचा असतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटीच आहेत. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर, आणि एकेका घरात चार-चार उपकरणं. पत्ते पुरणार कसे? मग घरातला राउटर सगळ्यांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतो. मोबाइल कंपन्या तर त्याहून मोठ्या प्रमाणावर हेच करतात. शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याच्या मागे बसवतात. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही, पण तिथेही फोनचा पत्ता कायमचा नसतो, तो बदलत राहतो.

आणि गाव? मी कर्जत स्टेशनच्या तीन नंबर प्लॅटफॉर्मवर उभी राहून माझा पत्ता कुठला दिसतो ते बघितलं. उत्तर आलं मुंबई. खोपोलीहून येणाऱ्या मैत्रिणीच्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, पुणे. दोघी एकाच बाकावर बसलेल्या. मोबाइल कंपनीचं जाळं जिथे मोठ्या इंटरनेटला मिळतं, तिथलं शहर दिसतं. आपण घाटाच्या खाली आहोत की वर, याचा त्याला पत्ता नसतो.

आता त्या ६४ ओळींकडे परत जाऊ. ॲप बनवणाऱ्या मुलांपैकी एकाने शेवटी माझ्यासमोर पूर्ण लॉग उघडला. त्या इमारतीत एकाच वाय-फायवर ११ मुली होत्या. खालच्या मेसमध्ये जेवायला येणाऱ्यांनाही पासवर्ड माहीत होता. पहिलं मत पडलं, ते मोजलं गेलं. त्यानंतर ज्याने बटण दाबलं त्याला ‘तुम्ही आधीच मत दिलं आहे’ असं उत्तर आलं. लोकांना वाटलं ॲप अडकलं, म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं, मग पुन्हा. लॉगमध्ये प्रत्येक दाबणं एक ओळ झालं. ६४ ओळींपैकी मोजलं गेलेलं मत फक्त एक, बाकी ६३ नाकारलेली. ओळीच्या शेवटी तसा नाकारल्याचा आकडाही होता. स्क्रीनशॉट काढणाऱ्याने फोटो कापताना तो उजवीकडचा भाग कापला गेला होता.

म्हणजे ज्या घराला चोर ठरवलं, त्या घरातल्या दहा मुलींचं मत मुळात घेतलंच गेलं नव्हतं.

आणि खरी लबाडी? ती दिसतच नव्हती. मोबाइल डेटावर असाल तर फोन एरोप्लेन मोडवर टाकून परत काढला, की बऱ्याचदा नवा पत्ता मिळतो. एका ग्रुपच्या मुलांनी रात्री जेवण झाल्यावर बसून हाच उद्योग केला, आणि नंतर कट्ट्यावर हसत सांगितलाही. त्यांची प्रत्येक ओळ वेगळ्या आकड्याची, स्वच्छ, कुठलाही लाल गोल न ओढवणारी.

‘मला अमक्याने पाठवलंय’

हा घोटाळा झाल्यावर ॲपवाल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी आणखी एक चूक केली होती, आणि ती तर जगभरातले अनुभवी लोकही करतात. त्यांचं ॲप एका होस्टिंग सेवेवर होतं. अशा ठिकाणी रिक्वेस्ट थेट ॲपकडे येत नाही. मध्ये एक मध्यस्थ सर्व्हर असतो, त्याला प्रॉक्सी म्हणतात. कुरिअरचं पार्सल हातात देतो तो खोपोलीच्या शाखेतला मुलगा. त्याचा चेहरा बघून पाठवणारा कोण हे कळत नाही, म्हणून पार्सलवर चिठ्ठी असते. रिक्वेस्टवरच्या या चिठ्ठीचं नाव ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’. मूळ पत्ता अमुक, असं मध्यस्थ त्यात लिहून देतो.

गोम अशी की ही चिठ्ठी पाठवणाराही स्वतः लिहू शकतो. मी रिक्वेस्ट पाठवतानाच त्यात वाट्टेल तो आकडा घातला आणि ॲपने तो डोळे मिटून खरा मानला, तर मी एका मिनिटात शंभर माणसं होऊ शकते. ‘मला पाटलांनी पाठवलंय’ असं दारात येऊन कुणीही म्हणेल. तो निरोप आपल्या ओळखीच्या माणसाने आणला असेल तरच विश्वास ठेवायचा.

जँगोने हा धडा फार पूर्वी घेतला. त्यांच्याकडे ही चिठ्ठी वाचून मूळ पत्ता आपोआप बदलून देणारा एक तयार भाग होता. ती चिठ्ठी सगळीकडे सारखीच भरवशाची धरता येत नाही, हे ध्यानात आल्यावर २००९ च्या १.१ आवृत्तीत तो काढूनच टाकला. आज फ्लास्कमध्ये आणि लाराव्हेलमध्येही हे तुम्हाला मुद्दाम सांगावं लागतं, की माझ्या पुढे इतके मध्यस्थ आहेत आणि त्यांच्यावरच माझा विश्वास आहे. ते न सांगता इंटरनेटवरून उचललेली ओळ चिकटवली, की दार उघडंच राहतं. आमच्या मुलांनी नेमकं तेच केलं होतं.

बाकीच्या माहितीचंही असंच. ‘युजर एजंट’ बघा. आज जवळपास प्रत्येक ब्राउझर स्वतःची ओळख ‘मोझिला’ या शब्दाने सुरू करतो, मग तो क्रोम असो नाहीतर सफारी. जुन्या काळी काही साइट्स हे नाव बघूनच चांगलं पान द्यायच्या, म्हणून सगळ्यांनी ते लावून घेतलं आणि पुढे कुणी काढलंच नाही. अँड्रॉइडवरचा क्रोम तर आता फोन कुठलाही असला तरी ‘अँड्रॉइड १०’ आणि मॉडेलच्या जागी नुसतं ‘के’ असं सांगतो, लोकांची ओळख पटू नये म्हणून. तेव्हा ‘लॉगमध्ये अँड्रॉइड १० दिसतंय, म्हणजे तिचाच जुना फोन’ असला तर्क कुणी लढवला तर त्याला हे वाचायला द्या. असा तर्क आमच्या ग्रुपवर खरंच लढवला गेला होता.

एक गोष्ट मात्र मला टोचली. माझ्या फोनची भाषा मराठी आहे. त्यामुळे माझ्या प्रत्येक रिक्वेस्टसोबत ‘हिला मराठी चालते’ अशी खूण जाते. खरं तर याचा उपयोग होऊन मला मराठी पान मिळायला हवं. तसं क्वचितच होतं. पण शंभर जणांच्या लॉगमध्ये ९५ जणांचा फोन इंग्रजीत असेल, तर मराठीवाल्या पाच जणी पटकन वेगळ्या दिसतात. पत्ता, भाषा, वेळ, ब्राउझर अशा चार साध्या गोष्टी एकत्र केल्या की गर्दीतला माणूस बराच जवळ आणता येतो. एकेक तुकडा माणूस ओळखायला अपुरा, आणि सगळे मिळून त्याच्यावर पाळत ठेवायला पुरेसे. म्हणूनच ही माहिती हलक्या हाताने घ्यायची नसते.

पन्नास दिवस

कुणी म्हणेल, गॅदरिंगचं भांडण होतं, चार दिवसांत विसरतील. म्हणून महाराष्ट्रातलंच एक जुनं प्रकरण सांगते. तेव्हा आपण बालवाडीत असू.

२००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी तपास सुरू केला. मजकूर टाकणाऱ्याचा आयपी ॲड्रेस मिळाला. तो पत्ता त्या वेळी कुणाकडे होता, हे इंटरनेट कंपनीला विचारलं गेलं. कंपनीने नाव दिलं. ऑगस्टच्या अखेरीस पोलिसांनी बंगळुरूतल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला घरातून अटक करून पुण्याला आणलं. जवळपास पन्नास दिवस तो कोठडीत होता. नंतर निष्पन्न झालं की कंपनीने दिलेला तपशील चुकीचा होता. त्या माणसाचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता.

पन्नास दिवस. आपलं एक सेमिस्टर साधारण नव्वद दिवसांचं असतं, त्याच्या निम्म्याहून जास्त.

या प्रकरणात साधीसुधी मुलं नव्हती. एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला मोठी कंपनी, मध्ये कायद्याची रीतसर प्रक्रिया. तरी एका आकड्यावरून चुकीच्या माणसाच्या दारात जाणं टळलं नाही. मग व्हॉट्सॲपवरच्या कापलेल्या फोटोवरून काय होणार?

अशी चूक होणं किती सोपं आहे, याचं एक उदाहरण त्या मुलाने मला त्याच्याच लॉगमधून दाखवलं. एका ओळीत वेळ होती १८:४०. सगळ्यांनी ती संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराची धरली, म्हणजे एकांकिका चालू असतानाची. पण बरेचसे सर्व्हर वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत लिहितात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १८:४० म्हणजे आपल्याकडे रात्री १२ वाजून १० मिनिटं, तारीखही पुढची. संध्याकाळी तो पत्ता एकाकडे असेल आणि मध्यरात्री दुसऱ्याकडे. साडेपाच तासांच्या गफलतीत माणूसच बदलतो.

देशाच्या सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत कंपन्यांना आणि सेवांना दोन गोष्टी सांगितल्या. लॉग १८० दिवस जपून ठेवा, आणि तुमच्या यंत्रांची घड्याळं ठरवून दिलेल्या प्रमाण घड्याळांशी जुळवून घ्या. दुसरी सूचना वाचताना आधी क्षुल्लक वाटते. वरचं उदाहरण बघितल्यावर तशी वाटत नाही.

मग करायचं काय?

इथे एक बाजू मान्य करायलाच हवी. लॉग लागतातच. एखादी साइट कुणी पाडायचा प्रयत्न करत असेल, कुणाच्या खात्यात कुणी घुसलं असेल, मुलींना कुणी घाणेरडे मेसेज पाठवत असेल, तर तपासाची सुरुवात याच ओळींतून होते. ‘काहीच नोंदवू नका’ असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. पण सुरुवात आणि निकाल यांत अंतर असतं. आयपी ॲड्रेस म्हणजे धागा. तो हातात आला म्हणजे माणूस सापडला असं नाही.

म्हणून ॲप बनवणाऱ्या मित्रमैत्रिणींना सांगणं आहे. एका माणसाचं एक मत हवं असेल तर माणूस ओळखा, पत्ता नको. रोल नंबरला जोडलेला एकदाच चालणारा कोड द्या. तो कोड आणि दिलेलं मत शेजारी शेजारी साठवू नका, नाहीतर गुप्त मतदानाचा पंचनामा होईल. आयपीचा उपयोग एवढाच करा, की एका पत्त्यावरून मिनिटाला हजार रिक्वेस्ट आल्या तर वेग कमी करायचा. तोही सैल हाताने, कारण त्या पत्त्यामागे अख्खी कॉम्प्युटर लॅब असू शकते. ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ वाचायचंच असेल तर आधी आपल्या आणि इंटरनेटच्या मध्ये किती मध्यस्थ आहेत ते मोजा. जन्मतारीख, मोबाइल नंबर असली माहिती साइटच्या पत्त्यातून, म्हणजे गेट रिक्वेस्टमधून, पाठवू नका. तो पत्ता जसाच्या तसा लॉगमध्ये उतरतो आणि मग तुमच्या नकळत लोकांची यादी तयार होते. आकड्याचा शेवटचा भाग पुसून ठेवला तरी तुमचं बरंचसं काम भागतं. आणि गरज संपली की लॉग खोडा.

कॉलेजांनाही सांगणं आहे. प्रोजेक्ट तपासताना ‘चालतंय का’ एवढंच विचारलं जातं. त्यासोबत ‘यात कुणाची काय माहिती साठते, किती दिवस, आणि ती कुणाला दिसते’ हा एक प्रश्न विचारा. त्याला पाच मार्क ठेवा. मार्क असले की आम्ही सगळं शिकतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

हा नुसत्या सभ्यपणाचाही प्रश्न राहिलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो, ती त्याची वैयक्तिक माहिती, अशी त्यातली व्याख्या आहे. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने तर २०१६ मध्येच म्हटलं की बदलता आयपी ॲड्रेससुद्धा, माणसापर्यंत पोचायचा कायदेशीर मार्ग उपलब्ध असेल तर, वैयक्तिक माहिती ठरू शकतो. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हा आकडा माणूस सिद्ध करायला पुरत नाही, आणि तरी तो चव्हाट्यावर टाकायचा कुणाला अधिकार नाही.

आणि शेवटचं सांगणं आपल्याला, फॉरवर्ड करणाऱ्यांना. त्यात मी पहिली. मी तो स्क्रीनशॉट पुढे पाठवला नव्हता, पण छापायला निघाले होते, ते जास्त वाईट. लॉगचा फोटो खूप खरा दिसतो. काळी स्क्रीन, इंग्रजी अक्षरं, आकडे. मशीनने लिहिलंय, मशीन कशाला खोटं बोलेल? मशीन खोटं बोललंच नव्हतं. ‘या पत्त्यावरून ६४ वेळा बटण दाबलं गेलं’ एवढंच ते म्हणत होतं. ‘हिने ६४ मतं टाकली’ हे वाक्य आपण लिहिलं. पुढच्या वेळी असा फोटो आला तर तीन प्रश्न विचारू. हा आकडा माणसाचा की घराचा? ही वेळ कुठली? आणि फोटोच्या उजवीकडे काय कापलंय?

कॉलेजने नंतर प्रेक्षक पसंतीचा निकाल रद्द केला. ग्रुपवर एक नोटीस आली, ‘तांत्रिक कारणास्तव’. त्या मुलीचं नाव ज्या ग्रुपवर फिरलं होतं, त्यांतल्या एकावरही ‘आमचं चुकलं’ असं कुणी लिहिलं नाही. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती पाच पंचवीसच्या लोकलची वाट बघत होती. बातमीत तिचं नाव येणार नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “नाव आधीच सगळीकडे गेलंय. आता ते ६३ नाकारलेले होते, तेवढं छाप.”

ते छापलं आहे.